चोणक, मानस आणि आपण: खाजनाच्या बांधावर नाटक बसवायचं तर

पावसाळा सरत आला की मला हमखास दोन-तीन फोन येतात, की तुम्ही लोकांनी ते बांधावर नाटक केलं होतं ना, आमच्या गावात पण करायचंय, सुरुवात कुठून करू? दर वेळी फोनवर तासभर बोलतो आणि तरी अर्धं सांगायचं राहतं, म्हणून एकदा सगळं लिहूनच ठेवतोय. मी काय मोठा दिग्दर्शक वगैरे नाही हां, गोव्यातल्या फोंड्याच्या बाजूचा, जत्रेतल्या नाटकांत प्रॉम्प्टिंग करत वाढलेला माणूस, नंतर स्पर्धेची नाटकं पण केली, आणि गेली काही वर्षं आम्ही दहा-बारा जण मिळून स्टेज सोडून खाजनात (नदीकाठच्या बांध घातलेल्या खाऱ्या शेतजमिनीत), कुळागरात (माड-पोफळीच्या बागेत), मानशीजवळ (बांधातल्या पाण्याच्या दारांजवळ) प्रयोग करतो. चुका भरपूर केल्यात आणि मला वाटतं तुम्हाला त्याच जास्त उपयोगी पडतील.

आधी विषय काय ते. क्विअर इकॉलॉजी हा शब्द ऐकून घाबरू नका, आणि गावात पहिल्याच दिवशी तो वापरू पण नका. सोप्या भाषेत सांगायचं तर निसर्ग म्हणजे एक नर, एक मादी आणि त्यांची पिल्लं, बाकी सगळं अनैसर्गिक, ही जी आपली पाठ झालेली समजूत आहे ती तपासून बघायची. आणि निसर्ग म्हणजे लांब कुठेतरी मोलेच्या जंगलात असलेली वस्तू, आपल्या अंगणात आणि अंगात नसलेली, ही समजूत पण तपासायची. हे काही नुसतं अभ्यासकांचं खूळ नाही. १८६० च्या दंडसंहितेतल्या ३७७ कलमात शब्दच होते 'निसर्गक्रमाच्या विरुद्ध', आणि त्या दोन-तीन शब्दांवर माणसांना दीडशेच्या वर वर्षं घाबरवलं गेलं. ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने संमतीने एकत्र येणाऱ्या प्रौढांना त्यातून बाहेर काढलं. म्हणजे 'निसर्ग' हा शब्द कोर्टात उभा राहिला होता, मग तो आपल्या बांधावर उभा करायला काय हरकत आहे?

माणसं जमवणं

आठ ते बारा माणसं पुरे. पंधराच्या वर गेलात की तालमीची वेळ ठरवण्यातच महिना जातो, आणि गोव्यात नोव्हेंबरपासून प्रत्येकाच्या गावची जत्रा, कोणाचं नोव्हेना, कोणाच्या घरी लग्न, हे धरूनच चाला. सगळे नट नकोत. आमच्या गटात एक शाळेतली टीचर, मानशीवर मासे धरणाऱ्या घरातला एक जण, दोन कॉलेजची पोरं, एक नर्स, कुळागर असलेले एक काका असे लोक होते आणि नाटकाचा अनुभव असलेले फक्त चार. अनुभवी लोक कमी असलेले बरे असतात खरं सांगू तर, कारण त्यांना आवाज लावायची सवय असते आणि उघड्यावर आवाज लावला की वारा तो उचलून पलीकडच्या वाड्यावर नेऊन टाकतो.

गटात क्विअर माणसं (समलिंगी, ट्रान्स वगैरे) असायलाच हवीत, आणि एकटं कोणी नको, निदान दोघं-तिघं. त्यांच्याबद्दलचं नाटक त्यांच्याशिवाय करणार असाल तर राहू दे. पण इथेच सगळ्यात जास्त काळजी घ्यायची. गोवा लहान आहे, इथे दोन माणसं भेटली की पाचव्या मिनिटाला नातं निघतं, त्यामुळे कोण काय आहे हे गटातसुद्धा कोणी सांगायची सक्ती नाही, हे पहिल्या दिवशी मोठ्याने बोलून टाका. व्हॉट्सॅप ग्रुपवर नंबर सगळ्यांना दिसतात, म्हणून काही जणांना ग्रुपमध्ये न घेता वेगळा मेसेज करायची तयारी ठेवा. फोटो कोण काढणार, कुठे जाणार, हे आधी ठरवा. आमच्या एका प्रयोगात बघायला आलेल्या कोणीतरी तालमीचा फोटो स्टेटसवर टाकला आणि गटातल्या एकाला घरी चार दिवस नको नको ते ऐकावं लागलं. त्याने नंतर काम सोडलं, आणि आम्हाला काही बोलायला तोंड नव्हतं. तेव्हापासून तालमीला मोबाईल एका पिशवीत जातात. अठराच्या आतलं पोर असेल तर पालकांशी समोर बसून बोला, नाहीतर त्याला संगीतात घ्या, गोष्ट सांगायला बसवू नका.

जागा, आणि जागा कोणाची

जागा आधी ठरते, मग नाटक. उलटं करू नका. स्क्रिप्ट लिहून मग 'लोकेशन' शोधत फिरणारे लोक मी पाहिलेत, त्यांना शेवटी फक्त सुंदर बॅकग्राऊंड मिळतं.

मी खाजन सुचवतो कारण ती जागा स्वतःच या विषयावर बोलते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: नदीचं खारं पाणी अडवायला मातीचा बांध, बांधात मानस म्हणजे लाकडी दारांची वाट, भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या जोराने दारं आपोआप मिटतात, ओहोटीला आतलं पाणी ती ढकलून बाहेर पडतं, आणि त्या वाहत्या पाण्यात जाळं लावून मासे धरतात. आत भात, कोरगूटसारखं खारेपण सोसणारं. ना पूर्ण शेत ना पूर्ण नदी, ना गोडं ना खारं. आणि माणसाने सतत हात लावला तरच टिकणारं. याला निसर्ग म्हणायचं की माणसाचं काम? नाटकाचा पहिला प्रश्न इथेच तयार मिळतो.

परवानगीचं मात्र किचकट आहे. जमीन कोमुनिदादीची, म्हणजे गावच्या सामायिक जमिनीच्या जुन्या संस्थेची असेल, कुळांची असेल, मानशीवरच्या मासळीचा लिलाव घेतलेला माणूस तिसराच असेल, आणि बांधावरून जायची वाट चौथ्याची. सगळ्यांना भेटा, आणि कागद घेऊन जायच्या आधी एकदा नुसते चहाला जा. पंचायतीला अर्ज द्या. जवळ पोलीस चौकी असेल तर तिथे पण एक प्रत. रात्री १० नंतर लाऊडस्पीकर चालत नाही, पण आपल्याला स्पीकर लागतच नाही म्हणून तो प्रश्न सुटला. अभयारण्यात करायचं डोक्यात असेल तर वनखात्याकडे जावं लागेल, आणि मोरजी, आगोंद, गालजीबाग अशा कासवांच्या किनाऱ्यांवर हंगामात, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते मार्च, प्रयोग करूच नका. दिवे आणि गर्दी दोन्हीने कासवीण परत फिरते. कासवावरचं नाटक करून कासवाला हाकलायचं म्हणजे फारच झालं.

देवराई, सातेरीचं वारूळ, धालोचा मांड, या जागांबद्दल माझं मत कडक आहे. सातेरी वारुळाच्या रूपात पुजली जाते, माती हीच देवी, हे आपल्या विषयाला किती जवळचं आहे ते कळतं मला. धालोची नाच-गाणी बायकांची, पौषातल्या रात्री, मांडावर पुरुषांनी यायचं नाही, त्यातलं वनदेवतेशी बोलणं तर डोळ्यांत पाणी आणतं. पण म्हणून ते उचलून आपल्या नाटकात लावायचं नाही. ज्या बायका तो मांड सांभाळतात त्यांनी आपणहून काही दिलं तर घ्या, नाहीतर हात जोडून पुढे चला. रणमाल्यात, जागरात, म्हणजे आपल्याकडच्या लोकनाट्यांत, सुरुवातीला नमन असतं, तेवढी रीत मात्र आम्ही घेतली, स्वतःचे शब्द घालून: बांधाला नमन, मानशीच्या दाराला नमन, तिवरांना (खारफुटीला) नमन, बांध फुटतो तेव्हा रात्री धावून येणाऱ्यांना नमन.

ऐकायला जाणं

तालीम सुरू करायच्या आधी निदान चार वेळा जागेवर जा, वेगवेगळ्या वेळेला, एकदा तरी ओहोटीला पहाटे. जाताना प्रश्नांची यादी नको. मी एका काकांना विचारलं होतं, 'तुमचं निसर्गाशी नातं काय?' त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला माझीच लाज वाटली. तोच माणूस 'यंदा मानशीत काय लागतंय?' विचारल्यावर दीड तास बोलला.

गावातल्या माणसांना बरंच आधीपासून ठाऊक असतं, फक्त त्याला कोणी नाव दिलेलं नसतं. कुळागरातल्या कोणालाही जायफळाबद्दल विचारा. बी लावून वाढवलेलं झाड नर की मादी ते फुलोरा येईपर्यंत कळत नाही, आणि त्याला पाच-सात वर्षं सहज जातात. नर निघाला तर फळ नाही, म्हणून पूर्वी तोडायचे, आता मादी झाडाचं कलम बांधतात. पण सगळेच नर काढले तर फळ धरत नाही, म्हणून आठ-दहा माद्यांमागे एक नर ठेवतात. भिरंडीचं, म्हणजे कोकमाचं, पण तसंच, नराचं झाड वेगळं, मादीचं वेगळं, आणि मधूनच दोन्ही फुलं असलेलं एखादं. पपईत तर नर, मादी आणि दोन्ही असे तीन प्रकार, वर नराचं झाड हवा बदलली की कधी फळ धरतं. हे सगळं शेतकरी कपाळाला आठी न घालता सांगतो, आणि तोच संध्याकाळी बसस्टॉपवरच्या पोराकडे बघून हसतो. या दोन गोष्टींच्या मधल्या फटीत तुमचं नाटक आहे. ती फट बुजवू नका, फक्त दाखवा.

बोललेलं रेकॉर्ड करायचं तर विचारून. आणि कोणाची गोष्ट वापरली तर त्याला प्रयोगाआधी वाचून दाखवा, घरी जाऊन.

माहिती पक्की करणं

व्हॉट्सॅपवर फिरणारं 'निसर्गातले अमुक टक्के प्राणी समलिंगी' वगैरे काही घेऊ नका. आकडा खोटा निघाला की सगळं नाटक खोटं ठरतं आणि पहिल्या रांगेत एखादा बायोलॉजीचा मास्तर बसलेला असतोच. आम्ही थोडंच घेतलं पण तपासून घेतलं.

चोणक आमचा हिरो, म्हणजे हिरो आणि हिरॉईन दोन्ही. चोणक हा मासा, ज्याला रायगडकडे जिताडा म्हणतात, तरुणपणी नर असतो आणि काही वर्षांनी मोठा झाल्यावर मादी होतो. अंडी घालायला खाऱ्या पाण्याकडे, नदीच्या मुखाकडे जातो, आणि पिल्लं वाढायला खाडीत, खाजनात येतात. म्हणजे बाजारात दिसणारी मोठी धूड चोणक बहुतेक करून मादी, आणि ती एके काळी नर होती. हे मडगावच्या मार्केटात सांगून बघा काय चेहरे होतात ते. गोब्रा माशाच्या बऱ्याच जातींत उलटं, आधी मादी मग नर. कालवांत पण लिंग बदलतं. तिवरांच्या काही जातींत बी आईच्या फांदीवरच रुजतं आणि हिरवा दांडा होऊन खाली पडतं. कासवाचं आणि मगरीचं पिल्लू नर होणार की मादी हे अंड्याला मिळणाऱ्या उबेवर ठरतं, कासवात वाळू जास्त गरम तर माद्या जास्त, त्यामुळे हवामान तापतंय हा विषय पण आपोआप आत येतो. दुर्भाटच्या बाजूला पौषातल्या अमावास्येला खाजनातले शेतकरी चिखलाची मगर करून पुजतात, मांगेथापणी, ते एकदा जाऊन बघा. भीती आणि शेजारधर्म एकाच चिखलात कसे बसतात ते दिसेल.

आता यातला सापळा, आणि हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. आमची पहिली स्क्रिप्ट अशी होती की बघा चोणक बदलतो, कालव बदलतं, जायफळात असं आहे, म्हणून ट्रान्स माणसं पण नैसर्गिक आहेत, म्हणून त्यांना स्वीकारा. वाचन झालं, सगळ्यांनी छान छान म्हटलं, आणि गटातली एक ट्रान्स मैत्रीण शांतपणे म्हणाली, 'मला माणूस म्हणून वागवायला मासा कशाला लागतो तुम्हाला?' खोलीत कोणी बोलेना. तिचं बरोबर होतं. निसर्गात आहे म्हणून योग्य असा हिशोब लावला तर निसर्गात पिल्लं खाणारे मासे पण आहेत, मग ते पण योग्य? आणि उद्या कोणी म्हणालं की माणसाचं शरीर चोणकासारखं आपोआप बदलत नाही, मग काय करणार? २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवायचा हक्क मान्य केला तो संविधानाच्या आधारावर, मत्स्यशास्त्राच्या नाही.

मग चोणक कशाला ठेवला? दाखला म्हणून नाही, शेजारी म्हणून. 'अनैसर्गिक' हा शब्द फेकणाऱ्याला निसर्ग किती कमी माहीत आहे एवढंच तो दाखवतो, पुढचं काम माणसांनी करायचं. त्या मैत्रिणीचं म्हणणं आम्ही नाटकात घेतलं, तिला विचारून, आणि चोणकाच्या शब्दांत त्याच्या तोंडी घातलं: 'माझ्या नावावर तुमची भांडणं नकोत, मला नुसतं नदीत राहू द्या.'

तालमी: शरीरापासून

आठ आठवडे धरा, आठवड्याला दोन तालमी, त्यातली एक जागेवरच. पहिले तीन आठवडे एकही संवाद नको.

आमचा सगळ्यात चाललेला खेळ मानशीचा. जाड दोर जमिनीवर वाकडातिकडा टाका, हा बांध. दोघांनी मध्ये दारं होऊन उभं राहायचं, हात समोर धरून, आणि दारं फक्त नदीच्या बाजूला उघडतात. अर्धे लोक नदी, अर्धे शेतातलं पाणी. नदी चढते, दारांवर रेलते, दारं मिटतात. नदी मागे सरते, आतले ढकलतात, दारं उघडतात. कोणी बोलायचं नाही, सूचना द्यायची नाही, फक्त वजन आणि श्वास. पहिल्यांदा सगळे हसतात, ढकलाढकली होते. चौथ्या-पाचव्या वेळेला दार झालेला माणूस सांगतो की मला बाहेरचं वजन आधी खांद्यात कळतं. मग जागा बदला. आणि मग एकच प्रश्न विचारा, तुमच्या घराचं दार कुठल्या बाजूने उघडतं, आणि कोणाच्या जोराने मिटतं? उत्तर शब्दांत नको, शरीरानेच. आमच्या नाटकातला शेवटचा सीन यातूनच आला, कोणी लिहिलेला नाही.

दुसरा खेळ चोणकाचा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दहा मिनिटं घेऊन चालायचं आणि चालता चालता बदलायचं. नियम एकच, लचकणं बंद. पदर नाही, कंबर नाही, मनगट मोडणं नाही. हा नियम घातला की निम्मे लोक अडकतात, कारण आपल्या अंगात स्त्री-पार्ट म्हणजे लचक हे इतकं बसलंय. आपल्याकडे दशावतारात, काल्यात, जुन्या संगीत नाटकांत पुरुषाने बाईचं काम करणं ही काय नवी गोष्ट नाही, प्रेक्षक ते मान देऊन बघतात, सुरुवातीच्या तियात्रात, म्हणजे कोकणी नाटकात सुद्धा बायकांची कामं पुरुषच करायचे. पण स्टेजवरच्या साडीला टाळी आणि रस्त्यावरच्या साडीला शिट्टी असं जे आहे ना, ते विसरून 'आपली परंपराच किती खुली होती' असं भाषण नाटकात घालू नका. आणि विनोदासाठी लचकणारं पात्र तर बिलकुल नको. हशा मिळतो, पण नाटक तिथेच बसतं.

अगुस्तो बोआलचं फोरम नाट्य (ज्यात प्रेक्षक मध्येच सीनमध्ये उतरतो) ज्यांना माहीत आहे ते विचारतील की प्रेक्षकांना मध्ये आणायचं का. बसस्टॉपच्या सीनला आम्ही आणलं, एकदाच, आणि ते चाललं. पण दुखाचा सीन क्विअर माणसाच्या खऱ्या आयुष्यातला असेल तर त्यात प्रेक्षकाला हात घालू देऊ नका.

लिहिणं

संवाद तालमीत सुचतात, कोणीतरी वहीत उतरवून घ्यायचे आणि घरी जाऊन निम्मे काटायचे. भाषेवरून भांडण होईलच. आमच्याकडे निवेदन मराठीत आणि शेतातली बोलणी कोकणीत झाली, कोणी ठरवलं नाही, आपोआप. एक नमुना देतो, इथे मराठीत करून, सगळं असंच साधं ठेवा:

काका: सात वर्षं पाणी घातलं, आणि फुलला तेव्हा कळलं नर.
पुतण्या: मग तोडलात?
काका: बाकीचे तोडले. हा ठेवला.
पुतण्या: का?
काका: सगळेच तोडले तर फळ कसलं धरणार?
(थांबून) तू जेवून जा. आणि तो तुझा मित्र बाहेर स्कूटरवर बसलाय, त्याला पण बोलव.

बस्स, एवढंच. काका पुढे काही समजावत नाहीत. पहिल्या ड्राफ्टमध्ये समजावत होते, दीड पान, ते आमच्या टीचरने काटलं आणि मी तिचा आजन्म ऋणी आहे.

चालत बघायचं नाटक असेल तर पाच ते सात थांबे, एकूण चाळीस-पंचेचाळीस मिनिटं. दोन थांब्यांमधलं चालणं पण नाटकच, तिथे कोणी बोलायचं नाही, खेकड्यांची बिळं आणि पाण्याचा आवाज पुरेसा असतो.

कपडे, वाद्यं, उजेड

जुन्या साड्या, लुंग्या, कॉयरचा दोर, माडाची झावळं. थर्माकोल नाही, प्लास्टिकची चमकी नाही, ती चिखलातून परत निघत नाही. तिवराची एक फांदी पण तोडायची नाही, कायद्याने नाही आणि शोभत पण नाही. घुमट हे चामडं लावलेलं मातीचं वाद्य घ्याच, पण बकऱ्याच्या चामड्याचं. पूर्वी घोरपडीचं असायचं, १९७२ च्या वन्यजीव कायद्यात घोरपड संरक्षित आहे, आणि आपल्या नाटकात ते वाजवणं म्हणजे डोळ्यांदेखत खोटेपणा. आवाजात फरक पडतो असं जुने वाजवणारे म्हणतात, पडू दे. उजेडासाठी संध्याकाळचा सूर्य वापरा, परतीच्या वाटेला चार-पाच टॉर्च.

एका ठिकाणी आयोजकांनी आम्हाला बांधावर मोठा इंद्रधनुष्याचा फ्लेक्स लावायला सांगितलं. नको म्हटलं तर नाराज झाले. फ्लेक्स लावला की नाटक सुरू व्हायच्या आधीच गाव दोन बाजूंना उभं राहतं, आणि ज्यांच्यासाठी केलं ते लांबूनच निघून जातात.

भरती हा तुमचा स्टेज मॅनेजर

मुरगाव बंदराचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक मिळतं, ते काढा, पण तुमची जागा नदीत आत असेल तर भरती तिथे उशिरा पोचते. किती उशिरा ते मानशीवरचा माणूस सांगेल, ॲप नाही. रोजची वेळ साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणजे शुक्रवारी ५ ला जे दिसलं ते रविवारी पावणेसातच्या आसपास. आम्ही पहिल्या वर्षी हे विसरलो, रंगीत तालीम मस्त झाली, आणि दोन दिवसांनी प्रयोगाला सूर्य बुडाला तरी ओहोटी पुरती झालेली नव्हती, ज्या चिखलात चोणकाचा सीन होता तिथे गुडघाभर पाणी. नट उभा राहिला, प्रेक्षकांना वाटलं असंच आहे. त्याला मात्र कालवांनी तळवे कापले, तीन टाके. म्हणून चिखलात जाणाऱ्याने जुने कॅनव्हासचे बूट घालायचे, अनवाणीपणाची कलात्मकता नको. अमावास्या-पौर्णिमेला पाणी जास्त चढतं-उतरतं, अष्टमीच्या आसपास कमी, नवख्यांनी अष्टमी धरावी. कुंभारजुवे कालव्याच्या बाजूला असाल तर तिथे खऱ्या मगरी आहेत, पाण्यात पाय घालायचा नाही, काठावर बसायचं पण नाही, सीन बांधाच्या आतल्या बाजूला घ्या. फर्स्ट एडची पेटी, जवळच्या आरोग्य केंद्राचा नंबर, आणि साप दिसला तर सगळे जागच्या जागी थांबायचं हे आधीच ठरलेलं.

प्रयोग आणि त्यानंतर

चाळीसच्या वर प्रेक्षक घेऊ नका, बांध अरुंद असतो आणि माणसांच्या वजनाने कड ढासळते. म्हाताऱ्या माणसांसाठी पहिल्या आणि शेवटच्या थांब्यावर खुर्च्या. ज्यांना चालता येत नाही त्यांच्यासाठी आम्ही एक सीन रस्त्यावरच करतो, काकांचा. तिकीट नाही, शेवटी घुमटाशेजारी एक टोपली ठेवतो, जे येईल ते. खर्च म्हणजे प्रवास, चहा-पाव, कपडे आणि मानशीवाल्याची एका ओहोटीची मासळी बुडते तिची भरपाई, ही शेवटची गोष्ट कोणी मागत नाही पण द्याच.

प्रयोगानंतर पेज किंवा चहा, आणि गप्पा. गप्पांचा एकच नियम सुरुवातीला सांगतो, नटाला 'तू खरंच तसा आहेस का' असं कोणी विचारायचं नाही. तरी कोणीतरी विचारतंच. तेव्हा गटातल्या दुसऱ्याने बोलणं हातात घ्यायचं, हे काम कोणाचं ते आधी ठरवून ठेवा, त्या क्षणाला सगळे गप्प बसतात. कोणी चिडून उठलं तर जाऊ द्या. आमच्या एका प्रयोगाला एक आजी काहीच न बोलता निघून गेली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मानशीजवळ भेटली तेव्हा तिने फक्त विचारलं की तो चोणक झालेला पोर जेवतो ना नीट? यातून काय घ्यायचं ते मला अजून नीट कळलेलं नाही, पण मी ते त्या पोराला जाऊन सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी जागेवर यायचं, दोर, झावळं, टॉर्चच्या सेलची रॅपर्स गोळा करायला, आणि जिथे बांधाची कड खचली असेल तिथे माती टाकायला, ती कशी टाकायची ते तिथलेच लोक दाखवतील.

आणि दुसरा प्रयोग करायचा असेल तर त्याच जागी पंधरा दिवसांनी ठेवा, आठवड्याने नको. पंधरा दिवसांनी पाणी घड्याळाच्या साधारण त्याच वेळेला परत येतं, आठवड्याने ठेवलात तर ज्या वेळेला ओहोटी होती त्याच वेळेला भरती येऊन बसलेली असते.